हुकावर किती भार

आमच्या घरात कुठलाही प्रश्न एकदा विचारून संपत नसे. बाबा तो आधी एकाला विचारीत, मग जरा वेळ जाऊ देऊन दुसऱ्याला, आणि दोन्ही उत्तरे मनात शेजारीशेजारी ठेवून पाहत. मचवा बंदराला कधी लागला हे मला वखारीत विचारून झाले, की तेच तुको हमालाला माडाखाली गाठून विचारायचे. उत्तरे जुळली नाहीत तर कोणीतरी खोटे बोलत असे. जुळली तर दोघांनी आधी बोलून ठेवलेले असे. आम्ही त्या हवेतच वाढलो, त्यामुळे ती हवा आहे हेच कधी कळले नाही. आई सामानाच्या खोलीची किल्ली कमरेला लावून फिरे आणि तेलाच्या बरणीवर आतल्या तेलाच्या उंचीला कुंकवाची बारीक रेघ ओढून ठेवी. बाहेरच्या लोकांना आमचे घर शिस्तीचे वाटायचे.

वखार कौलांची होती. मंगळूरकडून मचव्यातून कौले मालवणच्या बंदराला उतरत, तिथून बैलगाड्यांनी वखारीत, आणि वखारीतून गावोगाव. दिवसभर कौलावर कौल टेकल्याचा आवाज चाले. चांगले कौल बोटाच्या पेराने वाजवले की घंटेसारखे बोलते, चिरलेले बद्द वाजते. बाबा येताजाता कौले वाजवत. माणसे तशी वाजवता येत नाहीत याचा त्यांना मनापासून राग होता असे मला आता वाटते.

घरात आम्ही तिघे, आणि मागच्या पडवीत आते आणि तिचा मुलगा वासू. आते बाबांची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर लहानग्या वासूला घेऊन माहेरी आली ती राहिलीच. सगळे घर तिच्या हातचे जेवत होते. तिरफळे ठेचून घातलेले बांगड्याचे तिखले, उकड्या तांदळाची पेज, नाचणीची भाकरी, फणसाच्या दिवसांत कुयरीची भाजी. आई चुलीकडे फारशी फिरकत नसे, पण तिखले उतरले की झाकण उघडून तुकड्यांवरून नजर मात्र फिरवी. आते सर्वांच्या शेवटी जेवायला बसायची, आणि स्वयंपाकघराचे दार सताड उघडे टाकून, ताट दाराच्या उजेडात घेऊन. लहानपणी मला वाटे, तिला वारा लागतो. ती आपल्या पानात काय आहे ते घराला दाखवत होती, हे समजायला मला फार वर्षे लागली.

वासूदादा माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा. शाळा अर्धवट सोडून तो बेळगावात एका मोटार दुरुस्तीच्या कारखान्यात राहिला. बाबांनी लष्कराच्या मोडीत निघालेली एक पिकअप आणि तिच्यामागे जोडायचा दोनचाकी ट्रेलर लिलावात घेतला, तेव्हा परक्या ड्रायव्हरपेक्षा घरचा बरा म्हणून त्याला बोलावून घेतले. घरचा म्हणजे विश्वासाचा असे नव्हे; घरच्यावर लक्ष ठेवणे सोपे, एवढाच त्याचा अर्थ. वासूदादा अबोल होता. वाक्याचा अर्धा भाग बोलायचा आणि उरलेला गिळून टाकायचा. आमच्या घरात हा फार वाईट दुर्गुण होता, कारण गिळलेल्या भागात काय होते याचा विचार करत बाकीची माणसे बसायची. मी मॅट्रिक होऊन वखारीत बसू लागलो होतो. पिकअप मला चालवायची होती. चालवायला येतही होती, किल्ली मात्र वासूदादाकडे होती.

पिकअपच्या मागे जाड लोखंडी हूक होता. ट्रेलरच्या दांडीच्या टोकाचे कडे त्यात बसवायचे, वरून जबड्यासारखी पट्टी पाडायची आणि त्या पट्टीत खीळ घालायची. हुकाच्या बाजूला पितळेची छोटी पट्टी रिबिटांनी ठोकलेली होती. ती इंग्रजीत होती म्हणून बाबांनी एके दिवशी मला बोलावले.

"ह्येच्यार काय लिवलेला आसा रे?"

मी बोटाने धूळ पुसून वाचले. दोन ओळी होत्या. ओढायचे वजन जास्तीत जास्त दोन हजार पौंड, ही पहिली. दुसरी, हुकावर टेकणारे वजन जास्तीत जास्त दोनशे पौंड.

बाबांनी लगेच मण केले. "म्हंजे चोवीस मण. चोवीस मण कौलां न्हेता येतली, आणि ह्यो वासू सतरा-अठरा मणांत गाडी भरली म्हणान सांगता!"

वासूदादा चाकाशी बसला होता. मान वर न करता म्हणाला, "मामानू, ट्रेलर काय हवेत तरंगता? तेचा वजन नको धरूक?"

तुको हमाल हसला. बाबांना ते हसणे आवडले नाही. "आणि दुसरी वळ कसली?" त्यांनी मला विचारले. मला तिचा अर्थ नीट लागला नव्हता. वासूदादाच म्हणाला, "हुकार भार व्हयो. दोनशाच्या वर नको, पण अगदीच नाय आसा चलाचा नाय."

"मानेर भार घालून कोण गाडी हाकता रे?" बाबा म्हणाले. "बैल मरात."

"ह्यो बैल न्हय. ह्येका म्होरे थोडो भार लागता. नायतर मागसून शेपटी हलाक लागता."

"कित्याक?"

"कित्याक ता माका सांगूक येवचा नाय. बेळगावात तशेच भरत."

ज्या गोष्टीचे कारण सांगता येत नाही ती गोष्ट आमच्या घरात खोटी असे. शिवाय तुको होता. तुको जन्मभर बैलगाड्या भरत आला होता आणि सबंध मालवणात गाडी भरावी तर त्याने, असा त्याचा लौकिक. आमच्याकडे गाडी भरण्याचा धर्म एकच: जनावराच्या मानेवर ओझे येता कामा नये. माल थोडा मागे सारायचा, जू उचलले की हलके लागले पाहिजे. मानेवर भार देऊन गाडी भरणाऱ्याला लोक तोंडावर कसाई म्हणत. त्या दयेत आम्ही वाढलो होतो, आणि वासूदादा म्हणत होता की भार पुढे द्या.

तो ट्रेलर भरायचा तो असा. कौले चाकांच्या वर आणि थोडी पुढच्या बाजूला, पेंढ्यात उभी रचून. मागचा हातभर पट्टा मोकळा. मग जोडण्याआधी तो स्वतः वाकून दांडी उचलून बघे. एकट्याला उचलली तर मान हलवून दोन ओळी पुढे सारायला लावी. दोघांनी कण्हत उचलली की जोडा म्हणे. ही त्याची रीत रोज सगळ्यांसमोर चाले आणि रोज सगळ्यांना दिसे ती फक्त मागची मोकळी जागा.

"मागची जागा सोडता ती वाऱ्याक बसाक काय?" आईने एकदा जेवताना विचारले. आते वाढत होती. तिचा हात थांबला नाही, पण पळीतली कढी जरा सांडली.

तेव्हा गोव्यात पोर्तुगीज होते. दोडामार्गाच्या बाजूला कौले न्यायची म्हणजे हद्दीच्या तोंडाशी जायचे. तिकडून साबण, घड्याळे, कापड, बाटल्या इकडे येत, आणि कोणाच्या ना कोणाच्या गाडीतून येत, हे सर्वांना ठाऊक होते. वासूदादा तिकडून आला की आई त्याचा सदरा धुवायला टाकण्याआधी हुंगून बघे. एकदा त्याने आतेसाठी वासाच्या साबणाची वडी आणली. ती वडी आमच्या घरात महिनाभर बोलण्याचा विषय होती, आणि आतेने ती वापरलीच नाही, कोनाड्यात सर्वांना दिसेल अशी ठेवून दिली. मी कसालच्या नाक्यावरच्या चहावाल्याला खोदून विचारले, वासूदादाच्या ट्रेलरवर मागे कधी काही लादलेले दिसते का. तो म्हणाला, नाही बुवा, मोकळाच असतो. मी घरी येताना ठरवून टाकले की चहावालाही सामील आहे.

हे आज लिहिताना हसू येते. तेव्हा नव्हते येत. संशयाला पुरावा मिळाला नाही तर तो उपाशी मरतो असे लोक समजतात. आमच्याकडे तो उपाशीच चांगला पोसायचा.

त्या दिवशीचा माल वालावलच्या बाजूच्या एका गिऱ्हाइकाचा होता. सकाळचीच गोष्ट. तुको आणि दोन हमाल भरत होते आणि वासूदादा पेज जेवायला घरी गेला होता. मी ठरवून आलो होतो. आज त्याच्याबरोबर मीही जाणार होतो, आणि मागे एक बोट जागा राहू देणार नव्हतो; मग वाटेत तो कोणाचे काय घेतो ते बघायचे होते. मी तुकोला म्हणालो, मागचा पट्टा पुरा भर. आढ्यावरची जड कौले पुढे रचली आहेत, तीही काढून मागे घे.

तुकोचा चेहरा उजळला. "धाकल्यानू, माका ह्याच सांगूचा होता किती दिस. म्होरे भार घातलो काय मान जाता."

"हय बैल खंय आसा रे?" दुसरा हमाल म्हणाला.

"बैल नसलो तरी मान आसा मा!" तुकोने हुकाकडे बोट दाखवले आणि सगळे हसले. मीही हसलो.

भरून झाल्यावर मी वर पेंढा पसरला, ताडपत्री ओढून घट्ट बांधली. वासूदादा आल्यावर दांडी उचलून बघणार हे मला माहीत होते, म्हणून तो यायच्या आधी तुकोला घेऊन मीच ट्रेलर जोडला. ती दांडी मला अजून हातात जाणवते. एका हाताने वर आली. वर आली म्हणजे काय, वर जायला बघत होती. कडे हुकात घालताना ती खाली दाबून धरावी लागली. तुको खूश होऊन म्हणाला, "बघा, पिसासारखी!" मी पट्टी पाडली आणि खीळ घातली. खीळ मी घातली होती, हे मी इथे स्वच्छ लिहून ठेवतो.

वासूदादा आला. ट्रेलर जोडलेला बघून थबकला.

"जोडल्यान कोणी?"

"मी जोडलंय."

"मागे काय भरलंस?"

"पेंढो. कौलां हलू नयेत म्हणान."

त्याने ताडपत्रीवर हात ठेवला, माझ्याकडे बघितले. गाठ सोडून बघणे त्याला दोन मिनिटांचे काम होते. "बरा," तो म्हणाला आणि गाडीत बसला. आमच्या सबंध घरात, एकदा विचारून मिळालेल्या उत्तरावर विश्वास ठेवणारा तो एकटाच होता.

चौके मागे पडेपर्यंत काही झाले नाही. त्यापुढे लाल मातीचा रस्ता घाटी उतरतो. दोन्ही बाजूंना काजू, मधूनच एखादे घर. उतरण लागली तशी पिकअपची मागची बाजू कोणीतरी हळूच उचलतो आहे असे वाटू लागले. मग मागून एक हिसका, मग दुसऱ्या बाजूने दुसरा. वासूदादाने आरशात बघितले. ब्रेकवर पाय दिला नाही. गिअर खाली घेतला. "अंत्या, घट धर," एवढेच म्हणाला. ट्रेलर शेपटीसारखा एकदा इकडे, एकदा तिकडे झोडपत होता आणि प्रत्येक झोडप्याला आमची पिकअप रस्त्यावरून सरकत होती. मग मागे खाडकन आवाज आला आणि गाडी एकदम हलकी होऊन पुढे पळाली.

आम्ही थांबून धावत मागे आलो तेव्हा ट्रेलर रस्ता सोडून एका घराच्या खळ्यात जाऊन उलटला होता. त्या खळ्यात एका बाईने कोकमाची सोले वाळत घातली होती. कौलांचे तुकडे आणि सोले एकात एक झाली होती, सगळे लालच लाल, आणि त्या लाल पसाऱ्यात ती बाई हात पसरून बसलेली. यातले रक्त कुठले ते कळेना. एवढ्यात ती ओरडली, "मेल्यांनो! गाडी हाकतास काय देवाचो रथ? शिरा पडो तुमच्या तोंडार! माझी सोलां बघा, माझी सोलां!" तिला खरचटलेसुद्धा नव्हते. ती शिव्या देत राहिली आणि मी आयुष्यात कुठलेही भजन इतक्या आनंदाने ऐकलेले नाही.

वासूदादा ट्रेलरपाशी गेला. ताडपत्रीच्या मागच्या दोऱ्या तशाच बांधलेल्या होत्या आणि त्यांच्या आत आढ्यावरच्या जड कौलांचा चुरा होता. त्याने एक तुकडा उचलला, माझ्याकडे वळला.

"पेंढो?" तो म्हणाला.

त्याने पुढे काही विचारले नाही.

दुपारी बाबा आले. आधी हुकाकडे गेले. हुकाची पट्टी वर उघडी होती आणि खीळ नव्हती. रस्त्यावर शोधली, सापडली नाही. बाबांनी मला बाजूला घेतले. "ट्रेलर कसो भरलेलो?" मी म्हणालो, "नेहमीसारखो." मग वासूदादाला विचारले. तो म्हणाला, "अंत्याक इचारा."

"तुका इचारतंय मी."

"तेकाच इचारा, मामानू."

संध्याकाळी वखारीत तुकोला विचारले. तुको छातीवर हात ठेवून म्हणाला, "बरोब्बर भरलेलो, मालकानू. ह्येच्यापेक्षा बरो कधी भरूक नाय." तो खोटे बोलत नव्हता. त्याच्या मते ती जन्मातली सर्वांत चांगली भरलेली गाडी होती. माझे आणि त्याचे उत्तर जुळले, आणि बाबांनी, ज्यांना जुळलेल्या उत्तरांचाही संशय यायचा, त्यांनी ते त्या एका दिवशी मान्य केले. कारण तिसऱ्याने उत्तरच दिले नव्हते.

मग खीळ कोणी काढली, एवढाच प्रश्न उरला. मालवणात त्याची उत्तरे दोन दिवसांत तयार झाली. वासूने ट्रेलर घाटीत मुद्दाम सोडला, खाली त्याची माणसे उभी होती. वासूने मिलिटरीची खीळ हद्दीपलीकडे विकली आणि तिच्या जागी साधा खिळा घालून चालवत होता. आईने मागची मोकळी जागा, साबणाची वडी, सगळे जोडून दाखवले. बाबा ऐकत होते, आणि सोमवारी त्यांनी वासूदादाला ग्रामदेवतेच्या देवळात नेले.

आमच्याकडे कोर्टापेक्षा हे मोठे. देवापुढे नारळ ठेवायचा, त्यावर हात ठेवून सांगायचे. खोटे सांगणाऱ्याच्या घरात वर्षाच्या आत काय होते याच्या कथा प्रत्येकाला पाठ. गुरव होता, गावातली चार माणसे होती, मी खांबाला टेकून उभा होतो.

"हात ठेव आणि सांग, खीळ मी काढूक नाय," बाबा म्हणाले.

वासूदादाने हात मागे बांधले. "खीळ मी काढूक नाय. ह्या तुमच्या तोंडार सांगतंय. देवाक कित्याक मधी घालतास? देव इचारूक लागलो तर सगळ्यांक इचारीत."

असे म्हणून त्याने कोणाकडेही बघितले नाही. माझ्याकडे तर मुळीच नाही. मी मात्र त्या वाक्याखाली उभा होतो. त्याने हात ठेवला असता तर बाबांनी दुसरा हात माझा मागितला असता. ते नेहमी दोघांना विचारत. गुरवाने नारळ तसाच उचलला. बाहेर पडताना कोणीतरी म्हणाले, "खरो आसतो तर ठेवलो आसतो हात." ते पुढे सगळ्यांचे मत झाले.

बाबांनी त्यांना जा म्हटले नाही. त्यांनी फक्त किल्ली परत घेतली आणि आतेने वाढलेल्या पानाकडे न बघता ते जेवू लागले. चौथ्या दिवशी सकाळी आतेने स्वयंपाकघर सारवले, भांडी घासून उपडी घातली आणि आपली पत्र्याची ट्रंक पडवीतून माजघरात आणून आईसमोर उघडली. एकेक लुगडे उलगडून झटकून बाजूला ठेवू लागली.

"वयनी, बघ."

"मी काय बघूचा?" आई म्हणाली.

"बघ गो. मागसून तुका वाटाक नको."

आईने काही हात लावला नाही. पण तिथून उठलीही नाही. शेवटचे लुगडे झटकून होईपर्यंत बघत राहिली. न वापरलेली साबणाची वडी आतेने कोनाड्यातच ठेवली. वासूदादा बाहेर बैलगाडीत बसला होता. मी दारात होतो. आते माझ्यापाशी थांबली आणि म्हणाली, "अंता, तिखला झाकून ठेवलाहा. मांजार येयत हां, बघ." दोघे दोडामार्गाकडे गेली, तिकडे तिच्या सासरचे पडके घर होते. आते वारल्याचे आम्हाला कळले ते तिचे दिवसकार्य उरकल्यावर.

पुढे मी कोल्हापूरला गेलो आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या विकणाऱ्या एका दुकानात नोकरी धरली. नियती वगैरे शब्द मला आवडत नाहीत, पण जन्मभर मी शेतकऱ्यांना तेच समजावत बसलो. हूक किती ओढतो हा एक आकडा, हुकावर किती टेकलेले चालते हा दुसरा. ओढायच्या वजनात ट्रॉलीचे स्वतःचे वजन धरायचे. गाडीचा आकडा वेगळा, हुकाचा वेगळा, ट्रॉलीचा वेगळा. त्यांतला सर्वांत लहान तोच खरा, बाकीचे दोन विसरून जायचे. आणि एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर टेकला पाहिजे. त्याहून फार कमी टेकला तर मागची बाजू जड होते, उतरणीवर ट्रॉली झोके घेते आणि कडे हुकाला खालून वर ढकलू लागते. वरून येणारा भार हूक सोसतो; खालून येणारा धक्का सोसायला त्याची पट्टी केलेली नसते. झिजलेली खीळ अशा वेळी तुटून उडते. कोणी काढावी लागत नाही. पहिल्यांदा हे मला एका मिस्त्रीने सांगितले त्या दिवशी मी दुकानातून उठून रंकाळ्यावर जाऊन बसलो. वासूदादाला जे सांगता येत नव्हते त्याचे कारण आता मला मिळाले होते. पण खरे सांगायचे तर कारणाची गरज मला कधीच नव्हती. पेंढा नव्हता, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

बाबांनी त्यानंतर मला दोनदा विचारले. एकदा माझ्या लग्नाआधी, एकदा ते अंथरुणाला खिळल्यावर. "ट्रेलर कसो भरलेलो रे?" दोन्ही वेळा मी म्हणालो, नेहमीसारखा. माझे उत्तर माझ्याच आधीच्या उत्तराशी जुळले आणि ते शांत झाले.

सत्तरी उलटल्यावर मी दोडामार्गाला गेलो. तेव्हा माझ्या मुलाचे वखारीची जागा विकायचे चालले होते आणि आतेच्या वारसाची सही त्याला लागणार होती; ही बातमी तिकडे पोचली असणार. मी त्यासाठी गेलो नव्हतो. कागद सोबत नव्हते. तरीही नेमका त्याच महिन्यात मला जावेसे का वाटले, हे मी स्वतःला अनेकदा विचारले आहे आणि उत्तरावर माझा पुरता विश्वास बसत नाही.

वासूदादा केळीच्या बागेशेजारी छोट्या घरात ओसरीवर बसला होता. मला ओळखायला त्याला वेळ लागला नाही.

"कागद खंय आसा?" तो म्हणाला.

"कसलो कागद?"

"वखारीचो. सही व्हयी ना? तेच्यासाठीच इलंस मा?"

"नाय. मी सांगूक इलंय. ट्रेलर मी भरलेलो. मागसून पुरो. पेंढो म्हणान खोटा सांगलंय."

"ता माका ठावक आसा," तो म्हणाला. "पिशवी दाखव."

मी पिशवी त्याच्यासमोर ओसरीवर रिकामी केली. पंचा, औषधाच्या गोळ्या, चष्म्याचे घर, मालवणच्या खाज्याचा पुडा. त्याने पुडाही उलटा करून बघितला. मग जरा सैल बसला.

"देवळात कित्याक बोलाक नाय?" मी विचारले.

"आवशीन नको म्हटल्यान. भावाक एकच झील आसा म्हणाली." म्हणजे आतेला ठाऊक होते, आणि भावाच्या एकुलत्या मुलाला तिने वाचवले होते.

त्याची बायको चहा घेऊन आली. दोडामार्गाचीच बाई, लग्न होऊन चाळीस वर्षे झालेली. लग्न त्याचे उशिरा झाले होते. का, ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. तिने दोन कप आमच्यापुढे ठेवले. वासूदादा म्हणाला, "ह्यो माझ्या मामाचो झील. तो ट्रेलर ह्येणी भरलेलो."

ती उभीच राहिली. माझ्याकडे बघितलेच नाही, नवऱ्याकडे बघत म्हणाली, "म्हंजे खीळ तुमी काढूक नाय?"

वासूदादाने तिच्याकडे बघितले. देवळात चार माणसांसमोर जो चेहरा हलला नव्हता तो मी तिथे हललेला पाहिला.

"नाय गो," तो म्हणाला.

मग वाकून तिने माझ्यापुढचा भरलेला कप उचलला आणि आत घेऊन गेली. वासूदादाने तिला हाक मारली नाही.